दोन बकऱ्या, चार डोळे

आमच्या घरी आजवर एकदाच चोरी झाली. १९९८ च्या पावसाळ्यात अंगणातला पितळी तांब्या गेला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन आमचा नंदुरबार जिल्हा झाला आणि तांब्या त्यानंतर आठवडाभरात गेला. आई या दोन्ही घटना एका दमात सांगते. ऐकणाऱ्याचा समज होतो की वाटणीत तांब्या धुळ्याकडे राहिला.

पुढची सत्तावीस वर्षं चोर फिरकला नाही. त्यात पोलिसांचा वाटा किती, गल्लीचा किती आणि नेण्यासारखं घरात काही नसण्याचा किती, हा हिशेब मी कधी मांडला नाही. पण गेल्या दिवाळीत समोरच्या आबांनी घराला कॅमेरे लावले आणि आमच्या घरातली शांतता गेली.

"आता चोर गल्लीत शिरला की आधी आबांच्या घराकडे बघणार," बायको म्हणाली. "कॅमेरा दिसला की पाठ फिरवणार. पाठ फिरवली की समोर कोण? आपण. म्हणजे आबांनी स्वतःच्या पैशानं चोराला आपलं घर दाखवून दिलं."

हे तर्कशास्त्र मला मान्य व्हायला एक रात्र लागली. पण एकदा मान्य झाल्यावर मी मागे हटत नाही. मी निवृत्त हेडक्लार्क. कोणतंही काम आधी कागदावर करायचं, ही तेहतीस वर्षांची सवय. फुलस्केप कागद घेतला, घराचा नकाशा काढला, उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला. बाण चांगला जमला म्हणून कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यातही एक काढला. पुढचं दार, ओटा, फाटक, गच्ची, मागचं दार. मागच्या दाराची कडी गेल्या होळीपासून मोडलेली आहे, तशी नोंद समासात केली.

मग कॅमेरेवाला पोरगा आला.

"काका, एचडीमधी जायचं का आयपीमधी?"

मला कुठेच जायचं नव्हतं, म्हणून मी गप्प राहिलो.

"बरं, दोन एमपी घेता का पाच?"

आमच्याकडच्या माणसाला एमपी म्हटलं की खेतिया आठवतं. शहाद्यावरून पुढे गेलं की एमपीच लागतं. एक एमपी आम्हाला पुरून उरलेलं असताना हा पाच घ्या म्हणत होता. पोरानं सबुरीनं समजावलं. एमपी म्हणजे मेगापिक्सेल, दोन एमपी म्हणजे चित्रात वीस लाख ठिपके. बाहेर बुलेट लावू, आत डोम. तारेचे चार कॅमेरे, त्यांना चार चॅनलचा डीव्हीआर, एक टीबीची हार्ड डिस्क, पॉवर सप्लाय, वायर मीटरवर, फिटिंग वेगळी. सगळं मिळून १८,५००.

आई ओट्यावरून ऐकत होती. आई एक्याऐंशी वर्षांची आहे आणि ओट्यावरून तिला सगळं ऐकू येतं. शेजारी बसून हाक मारली तर येत नाही.

"इतला पैसामा तं दोन बकऱ्या ई जात्यात," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "आन् चोर उना तं बकऱ्या वरडतीस तरी."

यावर कॅमेरेवाल्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

माझी खरी अडचण वेगळी होती. वडिलांनी एकदा सारंगखेड्याच्या यात्रेत घोडी घेतली होती. दत्तजयंतीच्या थंडीत अर्धा दिवस गेला. दात बघितले, खूर उचलून बघितले, अंगावरचे भोवरे बघितले, दौडवून बघितली आणि मग रुमालाखाली बोटं धरून भाव ठरला. माल कसा घ्यायचा, याचं माझं शिक्षण तेवढंच. कॅमेऱ्याला दात नसतात. खोका उलटसुलट करून बघितला, वजन अजमावलं, आतल्या कागदावर अकरा भाषा होत्या त्यात मराठी आहे का बघितलं. पोरगा म्हणाला, "काका, एप्रिल २०२५ पासून सरकारनं नियम कडक केलाय. तपासणीत पास झाल्याशिवाय नवा कॅमेरा विकता येत नाही." हे मात्र बरं वाटलं. भोवरे कुणीतरी बघितले होते.

दोन दिवस मी या विषयाचा अभ्यास केला. निवृत्त माणसाला अभ्यासाचं व्यसन लागायला निमित्त लागत नाही. कळलं ते असं. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे इथे व्ही-टू रॉकेटं उडवायचे तेव्हा वाल्टर ब्रुख नावाच्या इंजिनियरनं कॅमेरा आणि पडदा तारेनं जोडून दिला. रॉकेट उडतानाच फुटलं तर जवळ उभं राहायला नको, लांबून बघता यावं. त्याच १९४२ च्या ९ सप्टेंबरला आमच्या नंदुरबारात शिरीषकुमार नावाचा शाळकरी मुलगा हातात तिरंगा घेऊन बंदुकीसमोर उभा राहिला आणि तिथेच पडला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण नंदुरबारच्या माणसाला १९४२ म्हटलं की दुसरं काही आधी आठवत नाही.

घरावर कॅमेरा लावायची कल्पना मात्र एका बाईची. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही नर्स. कामाच्या वेळा वेड्यावाकड्या, घरी बऱ्याचदा एकटी, आणि पोलीस बोलावल्यावर येणार त्यांच्या सवडीनं. नवरा इलेक्ट्रॉनिक्सचा जाणकार. दोघांनी मिळून दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं पाडली, उंच माणसासाठी वर, बुटक्यासाठी खाली. मागे सरकता कॅमेरा, पडदा झोपायच्या खोलीत, दारावरच्याशी बोलायची सोय, आणि वाटलं तर बटण दाबून दार उघडायचं. १९६६ साली अर्ज केला, १९६९ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं. तीन वर्षांत कागद हलला, याचं एक हेडक्लार्क म्हणून मला कौतुक वाटलं.

पण सगळ्यात दिलासा दिला तो केंब्रिजच्या विद्वानांनी. तिथल्या संगणक प्रयोगशाळेत कॉफीची किटली एकच, आणि जिने चढून यावं तर ती रिकामी. म्हणून १९९१ साली त्यांनी किटलीवर कॅमेरा लावला. आपापल्या जागेवर बसून किटलीत कॉफी आहे की नाही ते बघायचं. पुढे तेच चित्र इंटरनेटवर गेलं आणि २००१ पर्यंत जगभरचे लोक त्या किटलीकडे बघत बसले. मी हे बायकोला वाचून दाखवलं. कारण तोवर आईनं जाहीर केलं होतं की कॅमेरा लावायचाच असेल तर तो आधी मिरचीवर लागेल.

मिरचीचं इथे जरा सांगायला हवं. मिरचीच्या बाजारात गुंटूरच्या पाठोपाठ नंदुरबारचं नाव घ्यायची पद्धत आहे. दिवाळीच्या सुमाराला ओल्या लाल मिरचीच्या गाड्या बाजार समितीत लागायला लागतात आणि गावाबाहेरच्या पथाऱ्या लाल होतात. मैदानंच्या मैदानं मिरची पसरलेली, बाया ओळीनं देठ खुडताहेत, आणि वारा फिरला की अख्खं गाव एकदम शिंकतं. पाहुणा नवा असेल तर त्याला वाटतं, साथ आलीय. दुसऱ्या गावात चोराच्या डोळ्यांत तिखट टाकण्यासाठी घरात पूड जवळ ठेवावी लागते. आमच्याकडे हवामानच ते काम करतं. तर अशा गावात, वर्षभराची मिरची गच्चीवर वाळत घातलेली असताना तीतली मूठ-मूठ मिरची रोज कमी होते, असा आईचा तीन वर्षांपासूनचा आरोप आहे. आरोपीचं नाव ती सांगत नाही. फक्त डावीकडच्या भिंतीकडे बघते.

मग बैठक झाली. मी नकाशा मध्ये ठेवला. पुण्याहून मुलगा फोनच्या पडद्यावर हजर होता.

कॅमेरे चार. पहिला मुलानं घेतला. तो म्हणाला, "पप्पा, एक ओट्यावर पाहिजे. मला तिथून आजी दिसली पाहिजे. फोन केला की तुम्ही सगळे 'बरी आहे' एवढंच सांगता." यावर वाद घालता येईना. दुसरा गच्चीवर, मिरचीवर, हा आईचा. तिसरा बायकोनं फाटकावर मागितला. आमच्या फाटकाशी जास्वंद आहे आणि पहाटे पाचला देवभक्त मंडळी काठीला आकडा बांधून येतात. फुलं देवाला वाहायची म्हणजे ती चोरी होत नाही, असं शास्त्र या मंडळींनी आपसात ठरवून टाकलेलं आहे. मी त्याच कॅमेऱ्याला दुजोरा दिला. माझं वर्तमानपत्र माझ्या हातात येण्याआधी घडी मोडून कोण वाचतं, आणि शब्दकोड्यातले तीन आडवे शब्द कोण भरतं, ते मला बघायचं होतं. भरतो ते बरोबर भरतो, ही जास्त चीड आणणारी गोष्ट.

चौथा मोटारसायकलीवर. ती गल्लीत उभी असते.

कॅमेरेवाला पोरगा नकाशा बघत होता. "काका," तो म्हणाला, "मागच्या दाराला नाही लावत? चोर तिकडूनच येतो. कडी तर मोडलीय म्हणून लिहिलंय तुम्ही."

सगळ्यांनी नकाशाकडे पाहिलं. चोरासाठी कॅमेरा उरलाच नव्हता.

"आठ चॅनलचा डीव्हीआर घ्या. आज चार लावा, उद्या वाढवता येतील."

मी नको म्हणालो. आठचा घेतला की चार भोकं रिकामी राहणार, आणि रिकामं भोक घरात कुणालाही बघवत नाही. त्यापेक्षा कडी दुरुस्त करू, असं ठरलं. कडीची नोंद अजून समासात आहे.

मापं घेताना एक गोष्ट कळली. भिंग जितकं रुंद, तितका परिसर जास्त आणि माणूस बारीक. या धंद्यात त्याचे ठरलेले आकडेच आहेत. चित्रात एका मीटरला २५ ठिपके पडले तर कुणीतरी आहे, एवढंच समजतं. ६२ पडले तर त्याचं काय चाललंय त्याचा अंदाज येतो. १२५ ला ओळखीचा माणूस ओळखू येतो. आणि अनोळखी माणूस हाच, असं छातीठोक सांगायचं तर २५० लागतात. दोन एमपीच्या चित्राची रुंदी १,९२० ठिपके. मी कागदावर भागाकार केला. आमच्या रुंद भिंगाच्या कॅमेऱ्यात चोराची ओळख पटायला तो दहा फुटांच्या आत येऊन तोंड वर करून उभा राहायला हवा. इतक्या जवळ आमच्याकडे व्याहीसुद्धा येत नाहीत.

उलट आई. वीज गेलेली, गल्लीच्या टोकाशी, शंभर फुटांवर नुसती एक आकृती हलली की ती म्हणते, "त्या डेअरीवालाना धाकला पोऱ्या शे. उजवा पाय टाकीसन चालस." ठिपके शून्य. खोकला, चप्पल फरफटण्याची तऱ्हा, सायकलच्या मडगार्डचा आवाज, एवढ्यावर ती माणूस, त्याचा बाप आणि त्याच्या आजोळचं गाव सांगते. साठवणुकीचा प्रश्न तर विचारूच नका. एक टीबीत चार कॅमेऱ्यांचं दोन आठवड्यांचं चित्रण मावतं, मग जुनं पुसून त्यावर नवं चढतं. आईकडे १९७२ च्या दुष्काळापासूनचं सगळं आहे आणि पुसलं काहीच जात नाही. माझ्या आत्यानं माझ्या मुंजीत कोणतं पातळ नेसलं होतं आणि आहेर म्हणून कोणतं दिलं, हे आजही रंगासकट काढून दाखवता येतं. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे कॅमेऱ्याचं चित्रण कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. आईच्या साक्षीला आमच्या गल्लीत आजवर कुणी प्रमाणपत्र मागितलेलं नाही.

"मना डोया काय फुटी गयात का?" हा तिचा मूळ आक्षेप होता. "मी आठे बठेल शे ना."

डोळ्यांच्या बाबतीत या जिल्ह्याचा मान मोठा आहे, हे मी तिला सांगून पाहिलं. २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार आमच्या शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः आले होते, सोनिया गांधी आल्या होत्या. दहा बोटं यंत्रावर ठेवायची आणि दोन्ही बुबुळं यंत्राला दाखवायची, हा प्रकार दिल्ली-मुंबईच्या आधी आमच्याकडे घडला. आई म्हणाली, यंत्राला डोळे दाखवले ते ठीक, त्यानं ओळख दिली का पुढे कधी? रेशनच्या दुकानात तिचा अंगठा लागत नाही. आयुष्यभर मिरचीचे देठ खुडलेल्या बोटांवर रेघा राहत नाहीत. मी विषय बदलला.

खरी परीक्षा शेजाऱ्यांची. डावीकडचे नाना निवृत्त तलाठी. पोरगा शिडीवर चढला तसे ते भिंतीशी आले.

"हा माझ्या खिडकीत बघतो."

"नाना, तो मिरचीकडे बघतो."

"मिरचीच्या मागे माझी खिडकी आहे. २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं निकाल दिलाय, खासगीपण हा मूलभूत हक्क आहे म्हणून."

नऊ न्यायमूर्ती एका बाजूला आणि माझी मिरची एका बाजूला. मी कॅमेरा बोटभर उजवीकडे वळवायला सांगितला. तेवढ्यात उजवीकडचे बापू आले. त्यांची तक्रार उलटी. "थोडा अजून इकडे घ्या ना. माझी गाडी अर्धीच दिसते. पुढचं चाक तुमच्यात आणि मागचं चाक बाहेर."

मला नवापूरचं स्टेशन आठवलं. सुरत-भुसावळ लाईनवरच्या त्या स्टेशनातून महाराष्ट्र आणि गुजरातची सीमा जाते. फलाटावर एक बाक आहे, त्याच्या मधोमध रेघ ओढून एका बाजूला महाराष्ट्र आणि दुसऱ्या बाजूला गुजरात लिहिलंय. माणूस जरा ऐसपैस बसला की दोन राज्यांत बसतो. बापूंच्या मोटारसायकलीचं तसंच झालं होतं. अखेर बापूंनी गाडी दीड फूट पुढे घ्यायची आणि कॅमेरा आहे तिथेच राहायचा, असा तोडगा निघाला. नानांनी खिडकीला पडदा लावला. तो पडदा आता आमच्या दुसऱ्या कॅमेऱ्यात दिवसभर हलतो.

पहिल्या दिवशी पोरानं ओट्यावरचा कॅमेरा बारा फुटांवर लावला, चोराचा हात पोहोचू नये म्हणून. रात्री चित्र उघडलं तर टोप्या. आमच्या गल्लीत साठीच्या पुढचा प्रत्येक माणूस पांढरी टोपी घालतो. वरून बघितलं तर गल्लीत एकच माणूस दिवसातून चाळीस वेळा ये-जा करताना दिसायचा. दुसऱ्या दिवशी कॅमेरा नऊ फुटांवर उतरवला, तेव्हा टोप्यांखाली नाकं आली.

डीव्हीआर कुठे लपवायचा, यावर तीन दिवस गेले. चोर शहाणा असेल तर तो जाताना डीव्हीआरच उचलतो, मग बघायचं काय? बायकोनं गोधड्यांच्या कपाटात ठेवला. दोन तासांत तो एवढा तापला की वरची गोधडी इस्त्री केल्यासारखी निघाली. देवघरात ठेवला तर आईनं त्याला हळदकुंकू लावलं. ते त्याच्या जाळीतून आत गेलं. शेवटी आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटावर जागा मिळाली, हवेशीर, दाराआड, कुणाच्या सहज नजरेला न पडणारी. त्याच कपाटात घरातलं असेल नसेल ते सोनं आहे, हे नंतर लक्षात आलं. चोराची दोन कामं एका फेरीत होतील अशी ही व्यवस्था आहे.

पासवर्डचंही तसंच. पोरगा म्हणाला, कंपनीचा पासवर्ड ठेवू नका. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते याच कारणानं, लोकांनी पासवर्ड बदललेलाच नव्हता. मग त्या कॅमेऱ्यांकडूनच मोठमोठ्या वेबसाइटींवर हल्ला करवला आणि अमेरिकेत कित्येक वेबसाइटी अडकून पडल्या. हे ऐकून मी अठरा अक्षरांचा पासवर्ड केला. मोठी लिपी, छोटी लिपी, आकडे, एक गुणाकाराची फुली. तो विसरू नये म्हणून बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला, दुधाच्या हिशेबाशेजारी. महिनाअखेरीला दूधवाल्यानं लिटरच्या आकड्यांत पासवर्डातले दोन आकडे धरून बिल केलं.

फाटकावर पाटी लागली: 'आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात.' फुलवाल्या मंडळींपैकी एका काकूंनी दुसऱ्या पहाटे पाटी वाचली, कॅमेऱ्याकडे पाहून पदर सारखा केला, आणि मग फुलं तोडली. माझ्या वर्तमानपत्राचा वाचक मात्र सापडला नाही. तो आता टोपीऐवजी हेल्मेट घालून येतो.

कॅमेऱ्यांचा पहिला खरा लाभार्थी म्हणजे कोळी. रात्री कॅमेरा स्वतःचा अदृश्य प्रकाश टाकतो, त्याला इन्फ्रारेड म्हणतात. किड्यांची भिंगाभोवती जत्रा भरते आणि कोळी हे ओळखून बरोबर भिंगासमोर जाळं विणतो. त्या प्रकाशात जाळ्याचा एकेक धागा जहाजाच्या दोरखंडाएवढा दिसतो. मोबाइलवर सूचना येतात: हालचाल आढळली. पहिल्या रात्री १४३ वेळा हालचाल आढळली. पतंग, पतंग, कोळी, वाळत घातलेलं लुगडं, पतंग, पाल, आबांची मांजर, पुन्हा लुगडं. सव्वातीनला फोन वाजला म्हणून मी काठी घेऊन अंगणात गेलो. मी अंगणात गेलो तशी बायकोच्या फोनवर सूचना आली: माणूस आढळला. ती ओरडली. आबा उठले. आबांच्या कॅमेऱ्यानं आबांना पकडलं आणि त्यांच्या सुनेच्या फोनवर घंटा वाजली. पंधरा मिनिटांत गल्लीतले चार कर्ते पुरुष काठ्या घेऊन एकमेकांना पकडायला उभे होते. मग वीज गेली आणि सगळ्यांना झोप लागली.

आणि याच सुमाराला आई फिरली.

सुरुवात मिरचीपासून झाली. गच्चीवर कोण येतं ते बघायला ती आत पडद्यापुढे बसली. पडद्यावर चार चौकोन. मिरची हलत नव्हती, पण शेजारच्या चौकोनात फाटक होतं, त्याच्या खाली गल्ली, आणि गल्ली कधी रिकामी नसते. संध्याकाळची मालिका सुटली. मग दुपारची झोप सुटली. गल्लीला खबर लागली. "जिजी, आमची बकरी कुठे गेली बघा ना." "जिजी, पोस्टमन येऊन गेला का?" आई पडद्यावरून नजर न काढता सांगायची, बकरी मारुतीच्या पाराकडे गेली, पोस्टमन अजून यायचा आहे, आणि ज्यानं विचारलं त्याच्या सुनेनं सकाळी कचरा कुठे टाकला तेही. बकऱ्यांच्या भावाचा विषय पुन्हा निघाला नाही.

दहाव्या दिवशी पुण्याहून फोन आला. "पप्पा, आजीला बरं नाहीये का? आठ दिवस बघतोय, ओट्यावर कुणीच नसतं."

खरंच होतं. मुलगा तिकडे पुण्यात ओट्याकडे बघत होता, आई इकडे आतल्या खोलीत त्याच ओट्याकडे बघत होती, आणि ओट्यावर फक्त तिची गोणपाटाची घडी होती. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, मी बाहेर जाऊन बसले तर मग आत कोण बघणार?

परवा पुन्हा मिरची कमी भरली. आईनं मोजली होती, कशी ते विचारू नका. चोर पकडायचाच म्हणून बायकोनं मागचं चित्रण काढलं, अगदी पहिल्या दिवसापासून. मिरचीच्या चौकोनात काही सापडेना. नानांचा पडदा, कावळा, पडदा. पण चारही चौकोन एकदम चालू होते आणि आईची नजर ओट्याच्या चौकोनावर थांबली. दिवेलागणीची वेळ, चित्र काळंपांढरं झालेलं. त्या इन्फ्रारेडच्या उजेडात रंगांचा भरवसा नसतो, लाल लुगडंही पांढरं दिसतं. रुंद भिंगानं आमचा सहा फुटांचा ओटा वाड्याच्या पडवीएवढा लांबवला होता. त्यावर भिंतीला टेकून एक बाई बसली होती, पाठमोरी, अंग आवळून, गल्लीच्या टोकाकडे बघत.

आई चष्मा सावरून पुढे वाकली. बायकोनं दुसरा दिवस लावला. तीच बाई. तिसरा लावला. तीच.

"हाई म्हतारी कोन शे?" आईनं विचारलं.

बायको माझ्याकडे बघायला लागली. मी नकाशाची घडी घालायला घेतली.

"रोज ईसन बठस," आई म्हणाली. "काही कामधंदा नही दिखस तिले. ध्यान ठेव तिनावर."